नळीतलं प्रभुभोजन

"अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. स्टेज फोर."

नांदेडच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपीचा रिपोर्ट टेबलावर ठेवत माझ्या नवऱ्याला, प्रकाशला सांगितलं. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतला मार्ग तपासतात ती. स्टेज फोर म्हणजे आजार लिव्हरपर्यंत पोचला होता. प्रकाश खुर्चीतच वाकला. आणि जिचा रिपोर्ट होता ती माझी सासू, आत्याबाई, पदर सावरून विचारते, "साहेब, पहिल्या रविवारी मला चर्चला जाता येईल का?"

माझं डोकंच फिरलं. अहो, इथं तुमच्या मरणाची गोष्ट चालली आहे आणि तुम्हाला रविवार सुचतोय!

आधीच सांगते, मी ख्रिस्ती नाही. माझं माहेर जळकोटचं, बौद्ध घर. आमचं लग्न कोर्टात झालं आणि मी नायगावला आले. घरीच ब्लाउज शिवते. बारा वर्षांत आत्याबाईंनी मला एकदाही 'बाप्तिस्मा घे' म्हटलं नाही. मीही त्यांच्या प्रार्थनेला कधी 'आमेन' म्हटलं नाही. बाकी भांडणं मात्र पोटभर, कालवणातल्या मिठापासून नळाच्या पाण्यापर्यंत.

ज्यांच्या घरी असं दुखणं आलंय किंवा येईल, त्यांच्यासाठी हे लिहिते. आत्याबाई सहा महिने म्हणत होत्या, "भाकर अडकून राहिली गं छातीत." आम्ही पित्ताच्या गोळ्या देत बसलो. तुम्ही बसू नका. घास अडकतो म्हटलं की तपासून घ्या.

ऑपरेशनचा उपयोग नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता पॅलिएटिव्ह केअर. म्हणजे आजार बरा करायचा नाही, त्रास तेवढा कमी ठेवायचा. पाणीसुद्धा उतरेना तेव्हा रायल्स ट्यूब घातली. ही बारीक नळी नाकातून थेट पोटात जाते. दर दोन तासांनी गाळलेली पेज, ताक, डाळीचं पाणी मोठ्या सिरिंजनं नळीत सोडायचं. आधी डोकं उंच करायचं, नळी जागेवर आहे ना बघायचं, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. नर्सनं दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मी केलं. प्रकाशचे हात थरथरायचे. माझे हात सुईदोऱ्याचे, ते नाही थरथरत.

आता तो रविवार. आत्याबाईंच्या मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, येशूनं स्वतःचा जीव दिला त्याची आठवण म्हणून. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं. तरुणपणी बाप्तिस्मा घेतल्यापासून आत्याबाईंनी ते एकदाही चुकवलं नव्हतं. प्रकाश पोटात होता तेव्हा दिवस भरलेले असतानाही त्या चालत गेल्या होत्या म्हणे. त्यांचं मागणं एकच होतं. मरायच्या आधी ते एकदा मिळावं.

पाळकसाहेब, म्हणजे त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, वॉर्डात आले. भला माणूस, पण घाबरट. मी खाली औषधं आणायला गेले होते. आत्याबाईंनी हात जोडले म्हणून त्यांनी द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. मी वर आले तर आत्याबाई निळ्या पडलेल्या, नर्स धावतेय, आणि पाळकसाहेब प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून भिंतीला टेकलेले.

त्याला अॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. घास पोटाऐवजी फुप्फुसात जातो आणि तिथं जंतू वाढतात. आठ दिवस आयसीयू. डॉक्टर माझ्यावरच ओरडले, "तोंडातून काहीही नाही म्हणजे काहीही नाही! देवाचंसुद्धा नाही!"

आठ दिवस त्या काचेच्या दारासमोर बसून मी सगळ्यांवर जळफळत होते. पाळकांवर, प्रकाशवर, आत्याबाईंच्या हट्टावर, आणि खरं सांगते, त्यांच्या येशूवरही.

घरी आलो तर आगीतून फुफाट्यात. प्रार्थनेला म्हणून कुठल्याशा दुसऱ्या मंडळीचे चौघे आले. डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं ओरडले आणि म्हणाले, "मावशी, विश्वास कमी पडतोय. नळी काढून फेका, प्रभू आजच बरं करील." प्रकाश त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होता. मी नळीवर हात ठेवून उभी राहिले, म्हटलं काढून तर बघा. पण त्याआधी आत्याबाईच बोलल्या. आवाज अगदी बारीक झाला होता.

"बरं होण्यासाठी धरला न्हाई म्या त्याला. मरतानाबी सोडणार न्हाई. तुम्ही चहा घेऊन जा."

ते चहा न घेताच गेले. प्रकाश मागच्या दाराशी जाऊन रडला. आणि मला पहिल्यांदा कळलं की ही बाई हट्टी नाही, कबूल केलेलं पाळणारी आहे.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, "नळीतून द्राक्षाचा रस चालेल? भाकरीचा कण पाण्यात विरघळवून?" ते म्हणाले, "पातळ करा, गाळून घ्या, द्या. त्यात काय विचारायचं?"

डॉक्टरांना एक मिनिट लागलं. पाळकसाहेबांना तीन आठवडे! लातूरच्या ज्येष्ठ पाळकांना विचारतो म्हणाले. ते कुठल्याशा सभेला गेलेले. मग हे म्हणाले, पुस्तकात नळीचं काही लिहिलेलं नाही. मग म्हणाले, भाकर आधी मोडायची की आधी विरघळवायची? इकडे बाई रोज वाळून चाललेली. शेवटी मी फोनवरच भडकले.

"पाळकसाहेब, ते जिभेवर ठेवायचं असतं की आत पोचायचं असतं? तुमचा प्रभू नाकातनं गेला तर रागावतो का?"

मग म्हणाले, "उद्या सकाळी येतो, सूनबाई."

आले. पलंगाजवळ स्टुलावर मी इस्त्रीचं पांढरं कापड घातलं होतं. त्यांनी प्रार्थना करून भाकर मोडली. त्यातला कण मी कोमट पाण्यात विरघळवून ब्लाउजच्या अस्तराच्या नव्या मलमलीतून दोनदा गाळला. द्राक्षरस वेगळ्या वाटीत. आत्याबाईंना उशीला टेकवून बसवलं. पाळकसाहेबांनी सिरिंज हातात घेतली आणि हात असा थरथरायला लागला की निम्मं पाणी चादरीवर. ते आत्याबाईंकडं बघेनात, नळीकडं बघेनात. वॉर्डातला तो तुकडा आठवत असणार त्यांना.

त्यांनी सिरिंज माझ्यापुढे धरली.

"माझा बाप्तिस्मा झालेला नाही," मी म्हणाले. "माझ्या हातचं चालायचं नाही." चार महिन्यांची सगळी खटपट माझ्याच हातात येऊन अडली होती. मला रडूच फुटलं, रागानं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"चार महिने कुणाच्या हातानं जेवून राहिले मी? दे."

मग पाळकसाहेबांनी वचनं म्हटली आणि मी दिलं. आधी भाकरीचं पाणी दहा मिली, मग द्राक्षरस दहा मिली. सिरिंज उंच धरली, न ढकलता आपोआप उतरू दिलं. नंतर साध्या पाण्यानं नळी धुतली. आत्याबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या 'आमेन' म्हणाल्या. मी म्हटलं नाही, आणि त्यांनी त्याची वाटही बघितली नाही.

नऊ दिवसांनी सकाळची पेज द्यायला गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

दफनाला मंडळीतले लोक आले. त्यातल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "प्रभुभोजनाशिवाय गेली बिचारी." मी मान खाली घातली. पाळकांवर बालंट नको म्हणून गप्प बसायचं ठरवलं होतं. पण त्या घाबरट माणसानं हातातलं पुस्तक मिटलं आणि कबरीशेजारी उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मिळालं तिला. माझा हात थरथरला. सुनेनं दिलं."

कुजबुज झाली. अजून चालू आहे. पाळकसाहेबांविरुद्ध चर्चच्या वरिष्ठांकडे अर्ज गेलाय म्हणतात. जाऊ दे.

मी आजही बौद्धच आहे. दोन तास झाले की शिवण थांबवून घड्याळाकडे बघते, मग आठवतं. तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढंच सांगते, त्याला काय पाहिजे ते त्यालाच विचारा आणि डॉक्टरांनाही विचारा, मधल्या लोकांना नंतर. आणि आत्याबाईंचा विश्वास कमी पडला असं कुणाला म्हणायचंच असेल, तर त्यानं माझ्या दारात येऊन म्हणावं. वीस मिली होता. मी मोजून दिलाय.