टेबलावर दोन वस्तू हव्यात

टीचरसमोर 'सिलेक्ट' हा शब्द चुकीच्या जागी वापरला की त्यांच्या कपाळावर आठी पडायचीच. समोर कोण आहे, ते त्या बघत नसत. आमची पहिली भेट अंधेरीच्या बाजारात माझ्या पाटीसमोर झाली आणि तीही भांडणाने. एक मॅडम पापलेटं उलटीपालटी करत होती आणि मी ओरडत होते, "मॅडम, सिलेक्ट! सिलेक्ट!" मागून आवाज आला, "अगं, सिलेक्ट नाही. ती हाताने उचलतेय. पिक म्हण." मी वळून म्हटलं, "बाई, मासे घ्यायचेत की शाळा घ्यायचीय?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आधी मासे. शाळा माझ्याकडे दुपारी असते. ये तू."

मी गेले. मला हॉटेलांना मासळी पुरवायची होती. नवरा गेल्यावर वर्सोव्याहून एक पाटी घेऊन निघालेली मी; भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. पण हॉटेलातला माणूस फोनवर इंग्रजी सुरू करायचा आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची. तिथे मी मुकाट मागेल त्या भावात माल द्यायचे आणि घरी येऊन भांड्यांवर राग काढायचे.

टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, वडिलांच्या जुन्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. दुपारी त्यांच्याकडे आम्ही चार-पाच बायका जमायचो. कोणी पार्लरवाली, कोणी पोळीभाजीवाली. आम्ही त्यांना पाठीमागे 'व्हर्बवाली' म्हणायचो, कारण त्या क्रियापदांपलीकडे जातच नसत. त्यातही निवडण्याची क्रियापदं त्यांची फार लाडकी. "मराठीत आपण तांदूळही निवडतो, साडीही निवडतो आणि नगरसेवकही निवडतो," त्या म्हणायच्या. "इंग्रजीत असं सरसकट चालत नाही. बोटाला शाई लागली तर इलेक्ट. पारखून, कसोटी लावून घेतलं तर सिलेक्ट. कोणी पर्याय आखून दिले आणि तू त्यातला एक धरलास, तर ऑप्ट. नुसतं मन सांगितलंस, तर प्रिफर. हवं ते मिळालं नाही म्हणून दुसरं घेतलंस, तर सेटल फॉर."

"म्हणजे माझं सगळं गिऱ्हाईक," मी म्हटलं. त्या मनापासून हसल्या.

'चूज' शिकवताना मात्र त्या हसत नसत. टेबलावर दोन कप ठेवायच्या आणि मग एक उचलून आत नेऊन ठेवायच्या. "आता मी हिला म्हटलं, चूज कर, तर ते खोटं. टेबलावर दोन वस्तू हव्यात. एकच असेल तर ते ॲक्सेप्ट. घ्यावंच लागतं, पण निदान त्याला चूज म्हणू नका."

एकदा माझी पुरती वाट लागली होती. हॉटेलच्या शेफला फक्त मोठी कोलंबी हवी होती. मी बसून सगळी बारीक कोलंबी वेचून बाजूला काढली आणि त्याला ऐटीत इंग्रजीत मेसेज टाकला: 'आय पिक्ड ऑल स्मॉल फॉर यू.' त्याने ऑर्डरच रद्द केली. मी तणतणत टीचरकडे गेले. आमच्याकडे जवळा निवडतात, तेव्हा हात कचऱ्याला लागतो. उचललेलं टाकायचं, उरलेलं ठेवायचं. टीचर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, त्यांच्यात जे उचललं ते आपलं. तुमचं बरोबर उलटं!" मग मला समोर बसवून फोन लावायला लावला आणि एकेक शब्द पुढे केला. ऑर्डर परत मिळाली. त्या दिवसापासून मी त्यांना सुरमईचे पैसे लावले नाहीत. त्या वाद घालायच्या, मी दुप्पट आवाजात घालायचे.

मग टीचरचा मुलुंडचा भाऊ उगवला. खोली वडिलांनी त्याच्या नावावर केली होती आणि आता त्याला ती विकायची होती. आम्ही बायका बसलेल्या असतानाच तो आला. घरभर नजर फिरवून आम्हालाच सांगायला लागला, "ताईने आमच्याकडे यायचं चूज केलंय. आता हे क्लास वगैरे बंद."

"चूज नाही रे," टीचर म्हणाल्या. "माझ्यासमोर एकच कप आहे."

मला राहवलं नाही. "दुसरा मी ठेवते," मी म्हटलं. "वर्सोव्यात माझ्या घरावर खोली आहे. जिना वेगळा, नळ आत, खिडकीतून खाडी दिसते. क्लासही तिथेच घ्या, टीचर."

"मासळीच्या वासात राहणार का ती?" भाऊ म्हणाला.

"तो वास तुमची ताई पिशवीत भरून घरी आणते! तिला काय आवडतं ते तरी माहितीये का तुम्हाला?" माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. टीचरनी हात वर करून मला थांबवलं. "विचार करून सांगते," एवढंच म्हणाल्या.

मी खोलीला रंग काढला. पंखा बसवला. फळा टांगायला भिंतीत खिळे ठोकून घेतले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला एकटीला थांबवून सांगितलं, "मी भावाकडे जातेय. आता मात्र म्हणता येईल. आय हॅव चोझन."

"टीचर, तिथे तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही. पण तुझ्याकडे आले असते, तर मी भावाला टाकलं, हे माझ्याच मनातून गेलं नसतं. आणि एक लक्षात ठेव. तुझी खोली होती म्हणून मी जातेय. नाहीतर मला नेलं असतं."

बाजारात अशी गिऱ्हाइकं रोज येतात. माझा भाव विचारतात, मान हलवतात आणि शेजारणीकडून माल घेऊन जातात. त्यांना मी काय बोलते, ते सगळ्या बाजाराला ठाऊक आहे. टीचरना मी काहीच बोलले नाही. जिना उतरून आले. तो राग अजून उतरलेला नाही.

त्यांना भेटायला मी मुलुंडला गेले, मेट्रोने घाटकोपर आणि तिथून पुढे. घर शाकाहारी होतं, म्हणून मोकळ्या हाताने गेले. टीचर हॉलमध्ये दिवाणावर बसल्या होत्या, समोर कोणीच बघत नसलेला टीव्ही. वहिनी वाईट नव्हती. तिने नीट विचारलं, "ताई, चहा करू की कॉफी?"

"काहीही," टीचर म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टीव्हीकडे बघितलं.

त्या गेल्या, ते मला भावाने सगळं उरकल्यावर कळवलं. फोनवर म्हणाला, "तुम्हाला त्रास कशाला द्यायचा, असा आम्ही विचार केला." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातला एक शब्दही इंग्रजी नव्हता.

वरची खोली तशीच आहे. अंधेरीत नोकरी करणारी मुलं येतात, खिडकी उघडून खाडी बघतात, त्यांना आवडते. मग भाडं विचारतात. मी असा आकडा सांगते की कोणी घेऊच नये. ते घासाघीस करू बघतात. मी तिथे एक पैसासुद्धा कमी करत नाही.