दोन चंद्रांचं चित्र

टॅबिथा ग्रिडलीच्या जिभेला हाड नव्हतं, आणि बॉस्टनच्या धक्क्यावर कोणाची त्याला हरकतही नव्हती. कालवं विकता विकता ती इंग्रज राजाच्या लाल डगलेवाल्या शिपायांना ‘उकडलेली शेवंडं’ म्हणायची; शेवंड उकडलं की तसंच लालभडक होतं. गिऱ्हाइकं कालवांपेक्षा त्यासाठीच थांबायची.

१७७०च्या मार्चमधल्या त्या रात्री किंग स्ट्रीटवर एकट्या पहारेकऱ्याला लोकांनी घेरलं, तेव्हा बाई पुढे होतीच. पहारेकऱ्याच्या मदतीला आणखी शिपाई धावले. लोक बर्फाचे गोळे मारत होते. टॅबिथानेही एक वळला, त्याच्या पोटात कालवाचा शिंपला घातला आणि नेम धरला. एका शिपायाची टोपी उडाली. लोक पोट धरून हसले. हसू ओसरायच्या आत बंदुका सुटल्या. पाच जण गेले. त्यातला एक तिचं रोजचं गिऱ्हाईक.

तेव्हापासून तिचं तोंड पूर्वीसारखंच चाले, पण त्या गोळ्याचा विषय निघाला की मिठाची गुळणी.

थोड्याच आठवड्यांत पीबडीच्या छापखान्यातून गोळीबाराचं चित्र निघालं. घरोघरी ते हवं होतं, म्हणून रंग भरायला बायका बसवल्या, त्यात टॅबिथाही. एकाच बशीतल्या लाल रंगाने ती डगले रंगवायची आणि रक्तही. “तेवढीच बशी धुवायची वाचली,” म्हणायची. शेजारच्या बाया हसायच्या आणि मग बशीकडे बघायच्या.

चित्र बघून तिला हसूच आलं. शिपाई एका ओळीत, जणू कवायतीला आलेत. रात्रीचं आभाळ एवढं निळं, की धुणं वाळत घालावं. बॉस्टनकर सगळे नुकतेच प्रार्थना आटपून आल्यासारखे. जमिनीवर बर्फाचा कण नाही. मधोमध एक कुत्रं मात्र निवांत उभं होतं.

एके दिवशी तिने पांढरा रंग घेतला आणि त्या आभाळात एक ठळक ठिपका दिला. पीबडीच्या नजरेतून तो सुटला नाही.

“टॅबिथाबाई, हे काय?”

“बर्फाचा गोळा आहे, मालक.”

“आपल्या लोकांच्या हातात काही नव्हतं. चित्र लंडनला जायचंय, आपण निर्दोष होतो हे दाखवायला.”

“माझ्या हातात होतं.”

पीबडीने आधी दार लावलं. मग बजावलं, की यावर निळा रंग फिरव आणि हे पाद्र्यासमोरही बोलू नकोस. एका गोळ्याने काही बंदुका सुटत नाहीत, तो म्हणाला. तिला ते खरं मानायचं होतं, मनापासून. जमलं नाही. चित्र गुंडाळून तिने घरी नेलं आणि चुलीच्या वर भिंतीवर टांगलं.

शेजारीण पेशन्स विस्तव मागायला आली, ती बघतच राहिली. कोपऱ्यात छापलेली चंद्रकोर, आणि वर हा ठिपका.

“अगं, चंद्र दोन कसे?”

“एक देवाने टांगलाय,” टॅबिथा म्हणाली. “दुसरा मी फेकला.”

पेशन्स पोट धरून हसली, त्या रात्री लोक हसले होते तशी. टॅबिथाने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले.