तिन्हीसांजेचं खाकरणं

सुमन,

टेंपोत माझी खाट, पत्र्याची पेटी आणि तांदळाची दोन पोती चढली तेव्हा तू ओट्यावर उभी राहून रडत होतीस, आणि मी संतोषवर खेकसत होते, पेटी आडवी ठेवू नको म्हणून. सगळ्यांना वाटलं, म्हातारी धीराची. खरं म्हणजे मला त्या ओट्याकडे बघायचं नव्हतं. आपलं कडाव गाव मागे पडेपर्यंत मी मान वर केली नाही.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा स्पीकर कायम चालू! म्हणून लिहितेय.

इथे कुंभिवलीला आमचा चौथा मजला. संतोष साजगावच्या कंपनीत, सूनबाई खोपोलीच्या शाळेत, दिवसभर मी आणि हायवेचा आवाज. आपल्याकडे गाडी वाजली की कुणाकडे पाहुणे आले ते कळायचं. इथे एवढ्या गाड्या जातात, एकही आपल्याकडे येत नाही. लिफ्ट शिकले, मोबाइलवरून भाजी मागवायला शिकले. जीव रमेना.

पहिल्याच आठवड्यात तिन्हीसांजेला दाराबाहेर हे खाकरले. आपले बाप्ये घरात शिरण्याआधी खाकरतात ना, तसेच. आधी एकदा, मग थांबून दोनदा. हे तर कधीच गेलेले, तरी माझा हात आपोआप पदराकडे गेला आणि अंगावर सर्रकन काटा आला. मग रोज तेच. कुणाला बोलले नाही, लेकाने डॉक्टरकडे नेलं असतं. एके दिवशी राहवलं नाही. पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरला आणि दार उघडलं.

समोर शेजारचे हमीदभाई, कुलपाला किल्ली लावत उभे. सत्तरीचे, पूर्वी टेंपो चालवायचे, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. मी लाजेने मेले. त्यांनी तांब्या घेतला आणि तिथेच पाणी प्यायले.

"लय दिसांनी दारात कुनी पाणी दिलं, वहिनी."

तेव्हापासून पाचचा चहा आम्ही दोघं घेतो, दार सताड उघडं ठेवून. ते सुकट आणतात, मी निवडते, आणि मिठावरून भांडतो. सूनबाईच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू देत.

त्यांना जे सांगितलं ते आज तुला सांगते. यांनी मला न विचारता शेवटची म्हैस विकली होती. माझे गुडघे दुखतात म्हणूनच विकली, पण मी फुगून बसले होते. संध्याकाळी हे ओट्याशी येऊन खाकरले. "अगं, पाणी देतीस ना?" मी चुलीपासूनच म्हटलं, "हात नाय मोडलं तुमचं. घ्या." ते पाणी घ्यायला वळले आणि ओट्यावरच कोसळले. तू आणि भावोजी धावत आलात तेव्हा मी मोठ्याने रडत होते, पण काय बोलले होते ते कुणाला सांगितलं नाही.

हमीदभाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माजी जैनब गेली तवा मी खाली चाय पीत होतो. तिनं दोनदा बोलावलेलं. मी म्हटलं, संपवून जातो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं खाकरणं बंद, चहालाही आले नाहीत. दोन संध्याकाळी मी कान लावून बसले. काहीच नाही. हे पुन्हा एकदा गेले, असं झालं. तिसऱ्या दिवशी मीच त्यांचं दार वाजवलं.

"तुमाला तरास होतो म्हणून, वहिनी."

"होतो. तरी खाकरा."

आता वर्षश्राद्धाला येच म्हणतेस, तर येते. हमीदभाई गाडीने आणणार आहेत, त्यांना बाहेर ताटकळत ठेवू नकोस. मला मात्र आधी एकटीला ओट्यावर जाऊ दे. मला यांच्याशी बोलायचंय, कुणाला मागे पाठवू नकोस.

आणि जेवणं उरकली की राहा म्हणून आग्रह करू नकोस. हमीदभाईंना अंधारात नीट दिसत नाही, उजेड आहे तोवर आम्हाला घरी पोचायचंय.