एकाच बाणाचं भांडण

माझं संशोधन वादविवादावर आहे. माणसांचे मुद्दे कॉम्प्युटरला द्यायचे आणि कोणता मुद्दा कोणाला खोडतो ते बाण काढून दाखवायचं. ज्याला कुणी खोडलं नाही, तो टिकला. ह्या बाणांचा मला भारी अभिमान होता. आता ती आकृती समोर आली तरी किळस येते.

खऱ्या भांडणाचं उदाहरण हवं होतं, ते घरातच मिळालं. कोल्हारच्या आमच्या उसाच्या रानात, आबा म्हणजे माझे आजोबा गेल्यावर, आत्याचाही वाटा होता आणि वडिलांना हक्कसोडीच्या कागदावर तिची सही हवी होती. भाऊबीजेला ती आली. ओवाळून झालं, आणि निरांजन विझायच्या आत वडिलांनी विषय काढला.

"आबाला शेवटी मीच सांभाळलं," आत्या म्हणाली. "मला बी वाटा पायजे, दादा."

"वाटा घेतलास की माहेर तुटतं. ठाव हाय ना?"

आत्या गप्प झाली. ओवाळलेल्या भावाला त्याच पाटावर उलट बोलायचं, हे तिच्याच्यानं होणं शक्य नव्हतं. मी शहाणा, लॅपटॉप उघडून बसलेलो. दोन मुद्दे टाकले, वडिलांकडून आत्याकडे बाण ओढला. उलटा बाण नव्हताच. वडिलांचा मुद्दा टिकला.

"बघ, कॉम्प्युटर बी तेच म्हनतोय," वडील हसले.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला हाय बाळा. तू काय म्हनतोस?"

माहेर तोडणार होता तो तिचा भाऊच. म्हणजे तो मुद्दा नव्हता, सरळ धमकी होती. शिवाय कायद्यानं तिचा वाटा वडिलांइतकाच. एवढी एक ओळ टाइप केली असती तर निकाल फिरला असता. पण ते रान पुढे माझंच होणार होतं.

"प्रोग्रॅमप्रमाणे बरोबर आहे," मी म्हणालो. थू माझ्या शिक्षणावर.

त्याच आठवड्यात तिनं सही दिली. माझा शोधनिबंध छापून आला. उदाहरण फार स्वच्छ आहे, असं परीक्षकांनी लिहिलं. स्वच्छ!

यंदा भाऊबीजेला वडील दुपारपर्यंत पाटावर बसून होते. मग त्यांनीच आत्याला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली, तीनदा. ह्या गप्प राहण्याला कॉम्प्युटर काय म्हणतो, ते मात्र त्यांनी मला विचारलं नाही.