वरची तळी सौंसरला

चार म्हातारी माणसं, एक खोली आणि संध्याकाळचा चहा एवढं जमलं की किस्से आपोआप साठतात. जुन्या वस्तू मात्र दारोदार फिरून मागाव्या लागतात! आमच्या मंडळाचं तेच झालं. वस्तू जमल्या जेमतेम खोलीभर, किस्से अजून उतू चाललेत.

मंडळ म्हणजे काय, ते आधी सांगते. नागपूरकर भोसल्यांच्या काळात सातारा-वाईकडची काही घरं इकडे आली आणि इकडचीच झाली. कुणी नागपुरात राहिलं, कुणी उमरेडला, कुणी वर सौंसरला. पुढे राज्यं वेगळी झाली, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं आणि एकाच आडनावाची माणसं हद्दीच्या दोन बाजूंना गेली. या घरांच्या जुन्या वस्तू एके ठिकाणी आणायच्या, असं सत्तरच्या दशकात आमच्या नानांनी मनावर घेतलं. नाना म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, मंडळाचे अध्यक्ष. मी सीताबर्डीच्या एका ऑफिसात टायपिस्ट. माझं अक्षर बरं, म्हणून वस्तूंवरच्या पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

खोली मिळाली नागपुरातच सक्करदऱ्यात, पिठाच्या चक्कीला लागून. चक्कीवाले शंकरराव भला माणूस, त्यांनी ती फुकट दिली. पण दिवसभर भिंतीपलीकडे चक्की चालायची आणि संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या वारशावर पिठाचा थर बसायचा. त्यात समया काय आणि अध्यक्ष काय, सगळे एकाच वयाचे दिसायचे!

*

नानांनी पहिलं आवाहन केलं, "प्रत्येक घराण्याने एक वस्तू द्यावी." आल्या नुसत्या तलवारी! जो येई तो सांगे, आमचा मूळ पुरुष सरदार होता. भिंतीला खिळे पुरेनात.

पोस्टातून रिटायर झालेले वामनराव कोपऱ्यात बसून हे पाहत होते. म्हणाले, "नाना, अख्खी फौज सरदारांचीच होती, तं घोड्यांले चारा कोण घालत होतं गा?"

नाना एरवी शुद्ध बोलायचे. आपण सातारकडचे, हा त्यांचा अभिमान. पण चिडले की सातारा संपायचा आणि सक्करदरा सुरू व्हायचा. "तुमच्या घरचं काय हाय, ते आणा ना आधी! काहून दुसऱ्याले हसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी वामनराव हातभर लांब लोखंडी झारा घेऊन हजर. "आमचा मूळ पुरुष आचारी होता. फौज जेवली म्हणून लढली. लावा हा तलवारींच्या वर!"

नानांनी खरंच वर लावला. पुढे जो पाहुणा येई तो आधी झाऱ्याबद्दलच विचारायचा.

*

नानांच्या स्वतःच्या घरची वस्तू म्हणजे अर्धं जातं. हसू नका, खरंच अर्धं!

नानांचे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली आणि जात्यापाशी गाडं अडलं. वाईहून बैलगाडीतून आलेलं जातं. दोन्ही जावांना ते हवं आणि एकीलाही सोडवेना. शेवटी खालची तळी, म्हणजे खालचा दगड, थोरल्याला आणि वरची धाकट्याला! धाकटे काका आपली तळी घेऊन सौंसरला सासुरवाडीच्या गावी जाऊन राहिले. तेव्हापासून दोन्ही घरं जात्याची मालक होती आणि दोन्ही घरांचं दळण शेजारणीच्या जात्यावर व्हायचं.

खालच्या तळीवर नानांच्या न्हाणीत वर्षानुवर्षं धुणं आपटलं गेलं. तीच नानांनी घासूनपुसून खोलीच्या मधोमध आणून ठेवली. वरच्या तळीसाठी सौंसरला चुलतभावाकडे, बाबुरावांकडे, निरोपावर निरोप जात. बाबुरावांचं उत्तर ठरलेलं, "खालची इकडं पाठवा. आम्ही जोडतो."

"अध्यक्ष मी आहे की तो?" नाना विचारायचे.

खरा जीव अडकला होता तो नानांच्या थोरल्या बहिणीचा. आक्का उमरेडला मुलाकडे असत. लग्नाआधी त्या आईच्या आणि काकूच्या जोडीनं त्या जात्यावर दळायच्या. अख्खं जातं पाहिलेलं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं. डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. आम्ही भेटायला गेलो की पहिला प्रश्न तोच, "नान्या, वरची तळी आली का रे? मी असेस्तोवर आण ना बापा. एक डाव दळू दे मले."

परतीच्या एसटीत नाना खिडकीबाहेर पाहत बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

*

अशाच एका उमरेडच्या फेरीत आम्हाला एका घरी तांब्याचं भलंमोठं घंगाळ दिसलं. कडेला वेलबुट्टी, कड्यांना मोराची तोंडं. नाना हरखले. घरच्या सूनबाई म्हणाल्या, "न्या ना जी. पण मंग आमच्या मामंजींच्या आंघोळीचं पाणी कशात काढू?"

वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरलं की घंगाळ मंडळाचं, पण राहील त्यांच्याच न्हाणीत. ज्याला पाहायचं असेल त्यानं उमरेडला जावं! मी तिथल्या तिथे पाटी लिहून कड्याला बांधली. घराण्याचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत, 'हात लावू नये.'

काही दिवसांनी सूनबाईंचा मुलगा सायकल दामटत आक्कांकडे आला. आम्ही तिथेच होतो. "नानाजी, ते पाटी काढा बापा! आजोबांनी आंघोळच सोडली. म्हणते, सरकारी जप्ती आली!"

*

या घरांची एक पद्धत मला फार आवडायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगतीच्या शेवटी एक पान जास्त मांडायचं. सगळं वाढायचं, पण त्यावर बसायचं कुणी नाही. मग ते गाईला. त्याला म्हणायचे 'मागं राहिलेल्यांचं पान.' पूर्वज इकडे निघाले तेव्हा जे गावीच राहिले, त्यांच्यासाठी.

एका वर्षी नानांचे स्नेही, साताऱ्याचे एक प्रोफेसर, नेमके महालक्ष्म्यांना नागपुरात होते. वामनरावांच्या पत्नी कुसुमताईंकडे जेवायला बोलावलं. ते पान पाहून प्रोफेसर म्हणाले, "ही पद्धत तिकडची नाही हं. आमच्याकडे असलं काही नसतं."

नानांचा चेहरा पडला. ती पद्धत म्हणजे सातारच्या वारशातला त्यांचा हुकमी एक्का!

कुसुमताईंनी पदर खोचला. "तुमच्याकडं कशी असन जी? मागं राहिले ते तुम्हीच ना! हे पान तुमचंच हाय. बसा!"

प्रोफेसर मुकाट्यानं बसले. त्या वर्षी गाईला वेगळं वाढावं लागलं.

*

आणि मग आमच्या खोलीत भरवलेलं ते प्रदर्शन.

बाबुराव अखेर कबूल झाले, पण अट घालून. "एका दिवसापुरती. सकाळी आणतो, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं वापस नेतो." आले तसेच, पत्नीला, सिंधूबाईंना घेऊन. तळी गोणपाटात बांधलेली. नानांशी एक अक्षर बोलले नाहीत. शंकररावांनी चक्कीच्या दगडांना लावतात तशी दोन्ही तळ्यांना छिन्नीनं टाकी लावून दिली, तर बाबुराव टवका उडेल म्हणून शेजारी उकिडवे बसून राहिले.

वरची तळी खालचीवर बसली. खुंटा ठोकला. नानांनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली आणि स्वतः समोर उभी केली. 'हात लावू नये.'

दुपारी आक्का आल्या. दोघांनी धरून आणलं. त्यांना ना पाटी दिसली, ना गर्दी. बसल्या आणि हात थेट खुंट्यावर!

आक्का म्हणाल्या, "दाणे कुठं हायेत? रिकामं जातं फिरवू नये."

सकाळपासून लाईट गेलेली होती. चक्की बंद, दाराशी डब्यांची रांग. आमचे हेडमास्तर उठले आणि कुणाचा तरी डबा उचलून घेऊन आले! डब्याची मालकीण मागोमाग आलीच. पण आत पाहून म्हणाली, "घ्या ना गुरुजी. माहं दळण तं होईन!"

"समोर कोण बसते वं?" आक्कांनी विचारलं. सिंधूबाई नवऱ्याकडे न पाहता समोर जाऊन बसल्या. एका खुंट्यावर दोन हात. आक्कांनी ओवी धरली. शब्द निम्मे विसरलेले, चाल पक्की. कडेनं पीठ सांडायला लागलं आणि वामनरावांनी उगाच चष्मा पुसला. मी तर उघड रडत होते.

ऊन उतरलं. बाबुरावांनी घड्याळ पाहिलं. "आक्का, आता तळी उचलतो. गाडी हाय माही."

"दळण चालू असताना तळी उचलत नाहीत, बाबू. एवढं होऊ दे."

एवढं होत आलं की नाना दुसरा डबा आणून ठेवत. ते झालं की तिसरा. बाबुरावांना सगळं दिसत होतं. आक्कांना काहीच दिसत नव्हतं, पण मला वाटतं, सगळ्यात जास्त त्यांनाच कळत होतं.

तेवढ्यात लाईट आली! भिंतीपलीकडे चक्की घरघरली. बायांनी भराभर आपले डबे उचलून चक्कीकडे नेले. नाना बाहेर गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. जात्याच्या तोंडाशी शेवटची मूठ उरली होती.

"नान्या, दाणे?"

नाना उभेच. सातारा केव्हाच संपला होता. "बाबू," ते म्हणाले, "थांब ना गा थोडा."

बाबुरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि बाहेर पडले. रिक्षा आणायला गेले, असंच आम्ही समजलो. सिंधूबाईंचा हात मंदावला. आक्का एकेक दाणा सोडायला लागल्या.

बाबुराव परत आले ते घामाघूम होऊन. खांद्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं ज्वारीचं पोतं. ते त्यांनी जात्याशेजारी धप्पकन टाकलं, त्या धक्क्यानं आमची पाटी आडवी झाली, आणि तिथेच जमिनीवर बसत म्हणाले,

"सावकाश दळा, आक्का. पोतं भरून हाय."