आरशावरची टिकली

चहा आधी खाली ठेवा, ठसका लागंल. माझ्या अब्रूचा पंचनामा ऐकायचाय ना? ऐका मग!

आमची मंडळी गेलती पुण्याला, लेकीच्या बाळंतपणाला. "सव्वा महिन्यात येते," म्हणली. केजच्या स्टँडवर एसटीत बसली तरी तिचा जीव घरातच. खिडकीतून बोटावर मोजून सांगत होती, "उठलं की अंथरूण. चहा पिला की कप. आंघोळ झाली की टॉवेल दोरीवर. हातासरशी केलं तर दोन मिनिटाचं काम हाय, ऐकलं का?" गाडी हलली तरी सांगणं चालूच!

मी ठरवलं, करून दाखवायचंच. बाई खूश होईल, लवकर येईल. रोज सकाळी दोन मिनिटं आवराआवर, की लगेच फोटो पुण्याला. आता ही आवराआवर कशी? दिसंल ते उचलायचं आणि हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात टाकायचं. आयुष्य गेलं किराणा दुकानात, माल कसा कोंबायचा ते आपल्याला शिकवायला नको! झाकण लावलं की घर चकाचक.

झालं उलटंच. सव्वा महिना भरला तसा हिचा फोन. "अहो, तुमचं लई छान चाललंय की! मला उगंच घोर होता. आता मी दिवाळी करूनच येते."

दिवाळी! अजून तीन महिने होते हो दिवाळीला!

आणि मी काय म्हणावं? "राहा की, मला काय धाड भरली?" ह्या तोंडानं म्हणलो. फोन ठेवला आणि ताट बाजूला सारलं. चौतीस वर्षं झाली लग्नाला, पण 'तुझ्यावाचून करमत न्हाई' असं कधी बोललोय का मी? तुमी तरी बोलता का? त्यापेक्षा तहसीलमधून सातबारा काढणं सोपं.

त्या रागात दुसऱ्या दिवशी बेसिनवरचा आरसा घासला. कडेला हिच्या टिकल्या चिकटवलेल्या, वर्षानुवर्षांच्या. सगळ्या चमच्यानं खरवडल्या. फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'टिकल्या काढल्या. आरसा साफ.'

पुढच्या सकाळी दाढीला उभा राहिलो, तर आरशात मी एकटाच. इतकी वर्षं त्या टिकल्यांच्या मधूनच आपलं थोबाड बघितलेलं. अशी आठवण आली तिची! डोळ्यात साबण गेलाय, असं मी माझं मलाच सांगितलं. तसाच बाजारात गेलो, लाजत लाजत टिकल्यांचं पाकीट मागितलं, हातात पडलं ते घेऊन पळालो. एक आरशाला चिकटवली. जरा बरं वाटलं. आणि सवयीनं फोटो गेला ना पुण्याला!

पाच मिनिटात फोन.

"ते आरशावर काय चमकतंय?"

"टिकली."

"कुणाची?"

"तुझीच की."

"माझ्या तर काल खरवडल्यात! आन् खड्याची टिकली मी जन्मात लावली न्हाई!"

आता खरं बोलायला काय झालतं? पण जीभच उचलंना. "वाऱ्यानं आली असंल," म्हणलो. काय पण अक्कल!

फोन कट.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही दारात! ना चहा, ना पाणी. पदर खोचून स्वयंपाकघर बघितलं, न्हाणी बघितली, दाराआड बघितलं.

"एकट्या गड्याचं घर इतकं नीट राहतंय व्हय? कोण येतंय आवरायला?"

"अगं, कुणी न्हाई!"

"मग दिवाणावर का बसलात? उठा!"

उठलो. तिनं झाकण उचललं. मळके बनियन, ओले टॉवेल, पेपर, कपबशा, आणि मधोमध बुरशीनं हिरवी झालेली एक भाकरी!

ती नाकाला पदर लावून बघत राहिली. मग मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. "न्हाई," म्हणली, "ह्या घरात कुठली बाई आलेली न्हाई."

मग मी पाकीट पुढं केलं. खाली मान घालून म्हणलो, "करमत न्हाई गं."

ती डोळे पुसत म्हणली, "हे फोनवर बोलायला काय झालतं?"

चार दिवस राहिली. लेक तिकडं एकटी, जाणं भागच होतं. जाताना सगळं धुऊन-पुसून दिवाणाला कुलूप घातलं आणि चावी सोबत नेली! कपाळावरची टिकली काढून आरशाला लावली, स्वतःला दुसरी लावली. म्हणली, "ही पडायच्या आत येते."

आता रोज खरंच आवरतो हो. अंथरूण, कप, टॉवेल, सगळं. पण घर खायला उठतं. रोज सकाळी बोटानं ती टिकली चाचपून बघतो, तर घट्टच! शेवटी आज म्हणलं, नखानं थोडी सैल करावी, तेवढीच लवकर येईल. सुटली, आणि गेली ना बेसिनच्या भोकात!

आता फोटोची वेळ होत आली. ती इथंच सोडून गेलेल्या पाकिटात खड्याच्या अकरा टिकल्या हायत. तुमीच सांगा, लावू का एखादी?