निरोपाची गोधडी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षरही वेडंवाकडं, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंतच शिकले. पण हे तोंडाने सांगायला मी लाजते, म्हणून लिहिते.

लोणावळ्याजवळच्या आमच्या औंढ्यात धर्म सांगायला एक प्रचारक येऊन राहिले होते. नाव कुणी विचारलं नाही, सगळे भाऊ म्हणायचे. काहीही दिलं की ते दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि डोळे मिटत. ताकाचा पेलासुद्धा! मला ते सोंग वाटायचं, पण मी कुठे बोलणार?

त्यांना दुसऱ्या मुलखात धाडायचं ठरलं, तेव्हा बायकांनी निरोपाची गोधडी शिवली. प्रत्येक घरातून लुगड्याचा एक तुकडा. मी माझ्या मेलेल्या आईच्या लुगड्याचा काठ दिला. तिचं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

भाऊंनी गोधडी कपाळाला लावली. “ही मरेपर्यंत माझ्या अंगावर राहील,” म्हणाले. बायका रडल्या.

आठवड्याने लोणावळ्यात ती गोधडी मला औंढ्याला येणाऱ्या एका रिक्षाच्या सीटवर अंथरलेली दिसली.

“ही कुटं मिळाली वो?” मी कसंबसं विचारलं.

“तुमच्या भाऊंनी दिली. स्टेशनावर भाडं मागितलं, तर म्हनले पैसं न्हाईत, ही ठेवा. वर कपाळाला लावून दिली, मावशी!” रिक्षावाला हसला. “भाड्याचे तीनशे द्या अन् न्या.”

“माज्या आईचं लुगडं हाय त्यात.”

माझ्याकडे शंभरच होते, तेवढे घेऊन त्याने गोधडी दिली. बाकीचे दोनशे मी भाजी विकून थोडे थोडे दिले. काल शेवटचे पन्नास त्याच्या हातावर ठेवले आणि भाऊंचं स्टेशनापर्यंतचं भाडं एकदाचं पुरतं फिटलं.